यंदा पाळी आपली, आणि मैत्रिणी म्हणतायत ढोल वाजव

पत्र बरंच लांब आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते.

"ताई, मी २७ वर्षांची. ऐरोलीत जॉब, घणसोलीत दोन मैत्रिणींसोबत भाड्याने राहते, आईबाबा डोंबिवलीला. गाव संगमेश्वर तालुक्यात. घर सामाईक, बाबा आणि दोन काका, गणपती पाळीने असतो आणि यंदा पाळी आमची. इकडे मी गेल्या वर्षीपासून ढोल पथकात आहे, सराव आता सुरू होतोय, ग्रुपमधले सगळे म्हणतायत यंदा गावी गेलीस तर बघच. सुट्ट्या मोजून चार उरल्यात. बाबांनी मला विचारलंच नाही, धरूनच चाललेत की मी येणार. आई परवा फोनवर एवढंच म्हणाली की तू नसलीस तर मी एकटीच गं. आता खरं सांगायचं तर मागे गेले होते तेव्हा पूर्णवेळ भांडी घासली आणि चुलतभाऊ पत्ते कुटत बसले होते. वर लग्न कधी लग्न कधी. आणि कहर म्हणजे माझ्या दोन्ही रूममेट, एक नागपूरची एक लखनौची, म्हणतायत की तू थांबणार नसशील तर आम्हालाच गावी ने! तिथे बाथरूम एक आणि माणसं तीस. सांग, गावी जाऊ की इथेच थांबू? — दोन डगरींवरची"

अगं डगरीवाले,

आधी कालनिर्णय काढ. खरंच काढ, फोनवरचं नको, भिंतीवरचं. चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. त्याच्या आधी शनिवार-रविवार. गौरी त्याच आठवड्यात, गुरुवारी येतात, शुक्रवारी जेवतात आणि शनिवारी १९ ला गणपतीसोबत जातात. म्हणजे १२ ते २० असे नऊ दिवस आणि त्यात ऑफिसचे दिवस किती? मंगळ बुध गुरु शुक्र. चार. तुझ्याकडे सुट्ट्या किती उरल्यात? चार! बाप्पाने स्वतः एचआरमध्ये बसून जुळवल्यासारखं आहे हे, आणि तू मला अडीच पानं लिहून पाठवलीस.

आता पथकाचं बघ. मुंबईतली मोठ्या मंडळांची बरीचशी आगमनं होतात ती चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी, तू गावी निघायच्या आधी, तेव्हा तू इथेच आहेस. अनंत चतुर्दशी २५ तारखेला, शुक्रवार, तेव्हा तू परत आलेली आहेस. मग चुकतं काय नक्की? मधला आठवडा. आणि त्या मधल्या आठवड्यात पथकातली मंडळी काय करतात हे मलाही माहितीये, रात्री अकराला निघून लालबाग-परळला चक्कर, तीन वाजता भुर्जीपाव, पाच वाजता घरी आणि सकाळी ऑफिसात डोळे तांबडे. मजा असते, नाही कोण म्हणतंय, मी लालबागलाच वाढलेय. पण ते दरवर्षी असतं. तीन भावांत पाळी म्हणजे तुमच्याकडे गणपती तीन वर्षांतून एकदा, पुढच्या वेळी तू तीस वर्षांची असशील आणि तेव्हा तू कुठे असशील, बंगलोरला की टोरांटोला, आईचे गुडघे कसे असतील, हे ना तुला माहीत ना मला.

२५ तारखेसाठी सुट्टी उरत नाही हे मात्र खरं. त्यावर बॉसशी आत्ताच बोल, अर्धा दिवस किंवा एखाद्या शनिवारी काम करून बदली, कायतरी. पण आत्ता, जूनमध्ये. ११ सप्टेंबरला संध्याकाळी सहा वाजता मेल टाकलीस तर मिळणार नाही आणि मग तू म्हणशील कोकणातल्या माणसांना कोणी समजून घेत नाही. आणि पथकप्रमुखाला सांग की मी एवढे एवढे दिवस नाहीये, बाकी सरावाला एकही खाडा करणार नाही. हजेरी बघतात ना तुमच्याकडे? बहुतेक पथकांत बघतातच, आणि पथकात निम्मी पोरं तुझ्यासारखीच असणार, कोणाचं गाव खेड, कोणाचं लांजा. तू काय पहिली नाहीस.

तर गावी जा. हे झालं उत्तर. आता ज्यासाठी तू खरं पत्र लिहिलंयस तिकडे येऊ.

कारण बघ, गाव की मुंबई हा तुझा प्रश्न नाहीचे. मला कळतं गं. ढोलाबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि भांड्यांबद्दल एकच, पण त्या एका ओळीत जो राग आहे ना तो चार ओळींत नाहीये. तुला गणपतीला जायचंय. तुला मोरीत जायचं नाहीये.

माझं सांगते. माझे वडील गिरणीत होते, आणि ८२ च्या संपानंतर घरात काय परिस्थिती होती ते मी लिहीत बसत नाही, पण गणपतीला गावी जाणं त्या वर्षीही चुकलं नाही. तेव्हा कोकण रेल्वे कुठली, ती सगळी सुरू झाली १९९८ ला. एसटीच्या लायनीत वडील रात्रभर उभे राहायचे, आणि मग आम्ही पत्र्याची ट्रंक, वर्षभर साठवलेला रवा आणि साखर, आणि उलट्यांसाठी पिशव्या असे निघायचो. हे सगळं मी मोठ्या कौतुकाने लोकांना सांगत असते, सगळेच चाकरमानी सांगतात. पण एक गोष्ट मी फार उशिरा सांगायला लागले. आमच्या पाळीच्या वर्षी, मी अकरावीत असेन, विसर्जनाला गणपती उचलला, ताशा सुरू झाला आणि आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्या बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, अगो, यंदा डोळे कसे होते गो मूर्तीचे, मी नीट बघितलेच नाहीत.

पाच दिवस तिच्याच घरात गणपती होता.

म्हणून तुझी आई जे म्हणाली, एकटीच गं, ते तू इमोशनल ब्लॅकमेल म्हणून घेऊ नकोस (पत्रात तू तो शब्द वापरलायस, मी वर गाळला). ती तुला बोलवत नाहीये, ती मोजतेय. तीस माणसं, दोन वेळचं जेवण, चतुर्थीचे मोदक, रात्री एक वाजता भजनवाली मंडळी येणार त्यांना चहा आणि उसळ, ऋषीपंचमीची ती कंदमुळाची भाजी, मग गौरीची भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचं, म्हणजे मटणाचं, जेवण असेल तर ते वेगळंच प्रकरण. तिच्या डोक्यात जूनपासून हे सुरू झालेलं असतं. आणि बाबांच्या डोक्यात काय असतं? मूर्तीची ऑर्डर दिली का, भटजींना सांगितलं का, फटाके किती. मी बाबांना वाईट म्हणत नाहीये हां, त्यांना खरंच दिसत नाही. आमच्या वडिलांनाही दिसायचं नाही, त्यांना वाटायचं उसळ आपोआप होते.

तर ह्या रविवारी डोंबिवलीला जा आणि बाबांशी बोल. आईसमोर नको, आई मध्येच म्हणेल राहू दे गं दरवर्षी होतंच की, आणि सगळं तिथेच बारगळेल. बाबांना खाली चहाला घेऊन जा. आणि भाषण नको, समानता वगैरे शब्द काढू नकोस, त्यांचं तोंड बंद होईल आणि तुझं चालूच राहील. सरळ हिशोब मांड. बाबा, यंदा पाळी आपली, म्हणजे यजमान आपण, आईला पाच दिवस गणपतीसमोर बसता आलं पाहिजे, आरतीला सगळ्यात पुढे ती पाहिजे, त्यासाठी मी येतेय आणि माझ्या चारही सुट्ट्या त्यात घालवतेय, तुम्ही काय करताय? मग गप्प बस. त्यांना बोलू दे. वडील मंडळी गप्प बसलेल्या मुलीला जाम घाबरतात.

आणि कामाचं असं असतं की 'मदत करा रे' म्हटलं की कोणी उठत नाही, नेमकं काम अंगावर टाकलं की उठतात. चुलतभावांना पत्ते खेळतात म्हणून शिव्या घालून काही होणार नाही, जागरणात पत्ते होणारच, पण नारळ सोलायचे आणि खवायचे हे पोरांचं काम म्हणून टाक. तीस माणसांच्या मोदकांना किती नारळ लागतात हे एकदा खवून बघितलं ना की सारणाबद्दलचा आदर आपोआप वाढतो. वाढप मुलांचं. पाणी मुलांचं. भजनाच्या उसळीसाठी वाटाणे भिजवण्यापासून ते मंडळी गेल्यावर टोप घासण्यापर्यंत सगळं मुलांचं, नाहीतरी ते जागेच असतात. आणि भांडी घासायला वाडीतलं कोणी पैसे घेऊन येणार असेल तर व्यवस्थित पैसे देऊन ठेवा, सणाचे जास्तीचे देऊन, आणि ते पैसे तिन्ही भावांनी मिळून काढायचे. गावात हल्ली मिळत नाही माणूस, खरंय, तिलाही तिचा गणपती असतो. नाही मिळाली तर जेवणाला पत्रावळ्या. काकी म्हणतील घरच्या ताटात जेवायची मजा वेगळी. असेल. मग ताट ज्याचं त्याने घासायचं, मजेसकट.

मोदकांचं म्हणशील तर नैवेद्याचे २१ हाताने वळा, आई तू काकी सगळ्या मिळून, ते वळताना ज्या गप्पा होतात त्या मला विचारशील तर आरतीपेक्षा कमी नाहीत. बाकीचे साच्यातले करा किंवा जवळपास एखादा बचत गट करून देत असेल तर सांगून टाका. साच्याचे मोदक बाप्पाला चालतात, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते. आमच्या एका आत्याला चालत नाहीत, पण ती आता पुण्याला असते.

एक धोका सांगून ठेवते. विरोध काकांकडून नाही होणार, काकींकडून होईल. बाप्ये स्वयंपाकघरात कशाला, सोवळ्यात कोण आहे, हे काय नवीन खूळ मुंबईचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस गं. त्यांनी ह्याच घरात दोन-दोन पाळ्या एकटीने काढल्यात आणि तेव्हा त्यांना विचारायला कोणी आलं नव्हतं, आता अचानक तू येऊन सगळं सोपं करून टाकलंस तर कुठेतरी टोचणारच. त्यांच्या हातची एखादी गोष्ट मुद्दाम शिकून घे. आणि पूर्ण यश येईल असं समजून जाऊ नकोस. आमच्याकडे मी हे सगळं केलं तेव्हा निम्मंच जमलं, माझा भाऊ नारळ खवायला बसला आणि तिसऱ्या नारळाला बोट कापून घेऊन जो उठला तो विसर्जनालाच दिसला. पण दुसऱ्याने पूर्ण केलं. आता तोच शिकवतो बाकीच्यांना, त्याचा फार रुबाब आहे विळीवर.

आता पाळी हा शब्द आलाच आहे तर त्या दुसऱ्या पाळीचं पण बोलून घेऊ, तू लिहिलं नाहीयेस पण दर वर्षी ऑगस्टमध्ये मला ह्यावर हमखास पत्रं येतात. तारीख गणपतीत येत असेल तर गोळ्या घेऊन पुढे ढकलायची हा आपल्याकडे जणू रिवाजच झालाय, मेडिकलवाल्याकडून कोणीतरी सांगितलेली पट्टी आणायची आणि घ्यायची. असं करू नकोस. घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरकडे जा, तुला मायग्रेन आहे का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का, बाकी औषधं काय चालू आहेत, हे सगळं विचारून मगच त्या देतात, आणि ते विचारण्यासारखंच असतं. आणि नाही घेतलीस तर काय होईल? चार दिवस तुला स्वयंपाकघरात आणि देवापाशी जाऊ देणार नाहीत, बाहेर बसून भाज्या निवडायला लावतील. माझं वैयक्तिक मत विचारशील तर देवाला त्याचं काही नाही, पण तुमच्या घरात ही लढाई ह्याच वर्षी लढायची का, हे तू ठरव. भांड्यांची आणि ही अशा दोन्ही एकदम काढल्यास तर दोन्ही हरशील असं मला वाटतं. माझी भाची म्हणते मी भित्री आहे. असेन.

तिकिटाचं. हे महत्त्वाचं म्हणून नीट वाच. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात अजून चार महिन्यांचंच आहे आणि बाबा तुला सांगतील अगं ते कधीच संपलं. नाही संपलं. तुझ्या तारखांसाठी ते जुलैच्या मध्यावर सकाळी आठला उघडेल आणि आठ वाजून काही मिनिटांनी वेटिंग दाखवेल, म्हणजे तू दात घासत असताना. आयआरसीटीसीचं अकाउंट आधारशी जोडलेलं आहे का ते आजच बघ, नसेल तर बुकिंग उघडेल तेव्हा नुसती बघत बसशील. आणि तुतारीने जाणार असशील तर ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं, १२ चं. ह्या एका गोष्टीवरून आमच्या चाळीत एका जोडप्यात आठ दिवस अबोला होता, बॅगा घेऊन पोचले तर गाडी काल रात्रीच गेलेली. पहिल्या फेरीत नाही मिळालं तर गणपती स्पेशल गाड्या वेगळ्या जाहीर होतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. एसटीच्या जादा गाड्याही असतात आणि एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तू आणि आई मिळून एका तिकिटात. खासगी बसवाल्यांना एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा सरकारचा २०१८ चा नियम आहे. तो नियम गणपतीत कुठे असतो ते मला विचारू नकोस. आणि कोणी म्हणालं ना की कारने जाऊ, पाच तासात पोचतो, तर त्याला त्या हायवेवर फक्त माणगावपर्यंत नेऊन बघ.

परतीचं तिकीट पण त्याचं बुकिंग उघडेल त्याच सकाळी. परतीचं सगळे विसरतात आणि मग विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण रत्नागिरी जिल्हा स्टेशनवर असतो.

रूममेट्स. ह्यावर मी दोन दिवस विचार केला, खोटं नाही सांगत. पहिलं मनात आलं की अजिबात नको, पाळीच्या वर्षी आणखी दोन पाहुण्या म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी दोन ताटं, आणि त्या पोरी कितीही चांगल्या असल्या तरी पाहुणे ते पाहुणे, आई त्यांच्यासाठी वेगळी चादर काढणार, वेगळा चहा करणार. पण मग दोघींचा वेगवेगळा विचार केला.

नागपूरचीला विचार, तुमच्याकडे महालक्ष्म्या नसतात का? विदर्भात त्याच तीन दिवसांत घरोघरी बसतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि कामाचा डोंगर तुमच्या घरापेक्षा तसूभरही कमी नसतो. तिच्या घरी असतील तर तिची आईसुद्धा आत्ता कुठेतरी फोनवर एकटीच गं म्हणत असेल आणि ही तुझ्या गावी रील काढायला निघालीये. नसतील तर गोष्ट वेगळी, पण विचार तर. तिला शिमग्याला ने गं. मार्चमध्ये. खरं तर आपल्या भागात पालखी नाचवतात तेव्हा जे वातावरण असतं ते बाहेरच्या माणसाने बघावं असं असतं, घरात माणसं कमी, बाथरूमला लाईन नाही, पाऊस नाही, आणि पालखी घरी येते तेव्हा सगळेच अंगणात, स्वयंपाकघरात कोणी अडकलेलं नसतं.

लखनौची मात्र येऊ दे. तिला त्या दिवसांत जायला इथे काहीच नाही, फ्लॅटवर एकटी बसून तुमच्या स्टोऱ्या बघत बसेल, आणि आपण कोकणातली माणसं उगाच पाहुणचाराच्या गप्पा मारतो मग. पण तिला आधी सगळं खरं सांग, इन्स्टावरचं कोकण दाखवू नकोस. पहाटे पाचला उठायचं नाहीतर आंघोळीचा नंबर अकराला. पाऊस असा की सुकत घातलेलं काहीही परत येईपर्यंत सुकत नाही. लाईट जाते. रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. सगळे एकमेकांशी ओरडून बोलतात ते भांडण नसतं, आणि जेव्हा खरंच भांडण असतं तेव्हा सगळे गप्प असतात. हे ऐकून ती तरीही येते म्हणाली तर आण, आणि आल्या दिवशी तिला पाहुणी करून झोपाळ्यावर बसवू नकोस, सरळ मोदक वळायला बसव. तिच्या मोदकांना पाकळ्या येणार नाहीत, ते कचोरीसारखे होतील, सगळ्या काक्या हसतील आणि मग तिला शिकवायला लागतील, आणि त्या गडबडीत तुझ्या लग्नाचा विषय निदान एक दिवस तरी मागे पडेल. उलट तिलाच विचारतील, तुझ्यात कसं असतं गो लग्नाचं. तिला तयारी करून आण.

लग्नाच्या प्रश्नावर मी वेगळं काही सांगत नाही. 'बघतोय' म्हणायचं आणि चहा आणायला उठायचं. वीस वर्षं चाललेला उपाय आहे.

ग्रुपला पण सांगून टाक, आणि एकदाच, सगळ्यांना, नीट. तू काय करत असशील ते मला दिसतंय, ग्रुपवर 'बघते यार' आणि घरी 'बघते ना बाबा', आणि दोन्हीकडे सगळे तुझी वाट बघत बसलेत. डगरींवर हात ठेवायला आवडतं आपल्याला, कारण कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. पण ऑगस्टमध्ये नाही म्हटलंस तर जास्त लागेल गं. आत्ता चिडतील दोन दिवस, मीम टाकतील, मग विसरतील. तू त्यांना एवढंच सांग की आगमनाला आहे, विसर्जनाला आहे, मधले दिवस घरी आहे, येताना चिबूड घेऊन येते. चिबूड खरंच ने, पिशवीत वेगळा ठेव मात्र, नाहीतर ढोलाचा कुर्ता जन्मभर चिबडासारखा वास मारेल.

आणि एक राहिलं. तुमच्या गावची गणपतीची शाळा, म्हणजे जिथे मूर्ती घडवतात ती जागा, कुठे आहे ते तुला माहितीये का? बाबांना विचार. मूर्ती सगळी रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी शेवटी करतात, त्यासाठी एक वेगळाच माणूस असतो कधीकधी, त्याचा हात स्थिर असतो आणि त्या वेळी शाळेत कोणी बोलत नाही. मूर्ती आणायला सहसा बाप्येच जातात, डोक्यावर घेऊन, घोषणा देत. तू शनिवारी सकाळी गावी पोचशील. रविवारी दुपारी, मूर्ती आणायच्या आधी, आईला म्हण चल जरा जाऊन येऊ. ती म्हणेल अगं वाटाणे भिजवायचेत. भिजवू दे कोणालातरी.